शंभरातले किती

"थ्रेशरच्या तोंडासमोर उभी नको राहू वं मेघा, हवा तिकडूनच येऊन राहिली."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मी "हो" म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकूच आलं नाही असं केलं. थ्रेशर सुरू असला की न ऐकल्याचं सोंग फार सोपं असतं.

मला तिथंच उभं राहायचं होतं. धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, निंबाला झोळी बांधली होती आणि झोळीत माझी आठ महिन्यांची रितिका झोपली होती. दुसरीकडून पाहिलं की मध्ये ट्रॅक्टरचं चाक यायचं. त्या एका जागेवरूनच झोळी पूर्ण दिसत होती, वर आलेली तिची एक मूठसुद्धा. माझा उजवा डोळा लहानपणापासून अधू. समोर माणूस आहे की खांब, एवढंच त्याला कळतं. जे पाहायचं ते डाव्यानं. मुंगळे, गावातली कुत्री, झोळीची सैल होणारी गाठ, या सगळ्यांवर तो एकटा राखण करत होता.

माझा नवरा अंकुश गंजीवरून सोयाबीन ओढून देत होता, मामाजी, म्हणजे माझे सासरे, ते मशीनच्या तोंडात सारत होते. कुटार, शेंगांचा भुसा, उडून सगळ्यांच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. तीनच्या सुमारास कुटाराचा एक सपकारा सरळ तोंडावर आला आणि डाव्या डोळ्यात काहीतरी रुतलं. मी ओढणीच्या टोकानं डोळा चोळला.

"चोळू नको, चोळू नको!" आत्याबाई धावत आल्या. "पानी मार आधी. सांगतलं होतं ना तुले?"

पाणी मारलं. खुपणं थोडं थांबलं. रितिका उठली, तिला पाजलं, पुन्हा कामाला लागले. संध्याकाळपर्यंत डोळा तांबडा झाला. तालुक्याला जायला एक दिवस मोडणार होता आणि गंजी अजून अर्धी उभी होती. घरातल्या फडताळात आत्याबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली ड्रॉपची बाटली होती. मी बी.एस्सी. आहे. बाटली घेतली, उजेडात धरली, तारीख वाचली. तारीख संपलेली नव्हती. तारखेखाली जे लिहिलं होतं ते मी वाचलं नाही.

दोन दिवस बरं वाटलं. सहाव्या दिवशी आरशात पाहिलं तर बुबुळावर पांढरा ठिपका होता, साबुदाण्याएवढा.

नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती बाटली हातात घेऊन फिरवली.

"हे कोणी सांगितलं टाकायला?"

"कोणी नाही. मीच टाकलं."

"शेतातल्या कचऱ्यानं बुरशी गेली आत. आणि या स्टेरॉइडच्या औषधानं तिला खत घातलंत तुम्ही."

अंकुश भिंतीकडे पाहत होता. परत येताना बसमध्ये तो एवढंच म्हणाला, "माही बी चूक आहे. त्याच दिवशी आणाले पाह्यजे होतं." मला त्याचं ते वाटून घेणं सहन झालं नाही.

बुरशी मारायला दोन महिने लागले. दर तासाला एक थेंब. रात्रंदिवस गजर. आत्याबाई मला पाटावर बसवत, मान मागे करायला लावत, पापणी धरत आणि थेंब सोडत. त्यांच्या बोटांना लसणाचा वास यायचा. एकदाही त्यांनी "सांगतलं होतं" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

रोग गेला आणि डोळ्यात फूल पडलं. बुबुळाची काच पांढरी झाली. आता डाव्या डोळ्यासमोर दुधाच्या सायीसारखा पडदा आणि उजवीकडे खांब. डॉक्टर म्हणाले, "ही काच बदलावी लागेल. कुणी नेत्रदान केलं की तुमचा नंबर लागेल. तोपर्यंत थांबा."

आणि नेमकं तेव्हाच रितिका रांगायला लागली.

*

मी तिच्या पायात घुंगराचे वाळे घातले. छुमछुम आली की कळायचं, चुलीकडे गेली, दारात गेली, कोंबड्यांच्या मागे गेली. छुमछुम थांबली की माझं काळीज थांबायचं. मुलं गप्प होतात तेव्हाच तोंडात काहीतरी घालत असतात. मी हात पुढे करून घरभर चालायचे. आमच्या घराचे सगळे कोपरे मला त्या हिवाळ्यात नडगीनं पाठ झाले.

"एरंडीची बी होती तिच्या हातात," एक दिवस मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "म्या काढून घेतली. तू इथंच बसून होती ना?"

मी इथंच बसून होते.

तिचा पहिला दात मला बोटाला लागला. दूधभात भरवताना खालच्या हिरडीवर काहीतरी खरखरीत आलं. मी सगळ्यांना हाका मारल्या. सगळे वाकून पाहत होते, "आला गा, आला," म्हणत होते. मामाजींनी गूळ वाटला. मी तिचं तोंड उजेडाकडे फिरवून पाहत होते आणि मला फक्त एक गुलाबी धूर दिसत होता, धुराला आई ओळखता येत होती, तो हसत होता.

जानेवारीत अंगणवाडीत लसीचा दिवस होता. सगळ्या पोरांना एकसारखे पिवळे फ्रॉक वाटलेले. वजन झालं, टोचून झालं, रडण्याचा गदारोळ. मी सतरंजीवरून पिवळा फ्रॉक उचलला, छातीशी धरला, पाठीवर थोपटत दाराकडे निघाले. पोर रडायचं थांबलं होतं.

"अवं मेघा, अवं कुठी नेऊन राहिली?" प्रेमिला ओरडली. ती आमच्या शेजारची. "माही पोट्टी होय ना थे!"

बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत. प्रेमिलासुद्धा हसतच म्हणाली, "नेतं तं ने बाप्पा, पन रात्री परत आनू नको, झोपू देत नाही मले." मग कोणीतरी मला कोपर धरून सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं माझी रितिका बसली होती. ती रडत नव्हती. तिनं मला तिच्याऐवजी दुसरीला उचलताना पाहिलं होतं.

घरी येईपर्यंत मी तिचं डोकं हुंगत होते. वास तरी चुकणार नाही म्हणून. आणि तरी अंगणवाडीत त्या पिवळ्या फ्रॉकमध्ये मला वाससुद्धा वेगळा आला नव्हता. ते मी कुणाला सांगितलं नाही.

*

फेब्रुवारीत आम्ही हरभरा उपटत होतो. मी हातानं चाचपून उपटायचे, त्यात फार दिसायला लागत नाही. अंकुशचा फोन वाजला आणि तो धुऱ्यावरून पळत आला.

"दवाखान्यातून आहे. सुहासिनी मॅडम."

सुहासिनी मॅडम म्हणजे तिथल्या समुपदेशक. यादीतल्या पेशंटना त्याच फोन करतात. "मेघाताई, कॉर्निया आलाय. उद्या सकाळी दहापर्यंत उपाशीपोटी येता येईल का?"

मी मातीतच बसले. तोंडातून आधी आलं ते हे: "वय किती होतं त्यांचं?"

"डोनर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या."

मी फोनवर हात ठेवून सांगितलं, तसे मामाजी जवळ आले. "अठ्ठ्याहत्तर? बैल घेताना आपन दात पाह्यतो. दात पडलेला बैल कोनी फुकट देल्ला तरी गोठ्यात बांधत नाही."

"फुकटचा बैल अन् डोळा एकच काय?" आत्याबाई पेंडी बांधता बांधता म्हणाल्या.

"तू गप राह्य. पोरीचं वय सत्तावीस. तिले पन्नास वर्सं पुरला पाह्यजे."

दोष त्यांच्यावर टाकता येईल, पण टाकणार नाही. ते बोलले तेच माझ्या मनात आधीपासून होतं. आयुष्यभर वाती वळून, पोथ्या वाचून, मोतीबिंदू काढून झिजलेला डोळा. तो मला रितिकाच्या लग्नापर्यंत तरी पुरेल का? मी फोन कानाला लावला.

"मॅडम, मी थांबते. तरुण माणसाचा आला की सांगा."

"ताई, आमच्या डॉक्टरांनी तपासलाय. चांगला आहे. फक्त वय..."

"नाही. मी थांबते."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "ठीक आहे. मग यादीतल्या पुढच्यांना विचारते."

पुढचं कोणीतरी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. फोन ठेवला. आत्याबाई पुढची पेंडी बांधायला लागल्या. हरभऱ्याच्या घाट्यांची आंब हाताला लागून बोटं चुरचुरत होती, ती मी डोळ्याला लावली नाही. तेवढं शिकले होते.

*

मार्च, एप्रिल. फोन मी ओच्यात बांधून हिंडायचे. घरात रेंज नाही, पाण्याच्या टाकीपाशी येते, म्हणून दिवसातून दहादा टाकीपाशी. प्रेमिला म्हणायची, "काय वं, टाकीले नवस बोलली का?" फोन यायचे. नवीन रिचार्जचे, माहेरचे. सुहासिनी मॅडमचा एकही नाही.

रितिका उभी राहायला लागली. मग एक पाऊल. तेही मी घुंगरांवरून ओळखलं. एक छुम, थांबली, एक छुम. धप्प.

एक दिवस काटोल रोडवरून अँब्युलन्स गेली. सायरनचा आवाज लांब जाईपर्यंत मी हातातलं काम सोडून उभी होते. संध्याकाळी अंकुश सांगत आला, शेजारच्या गावचा बावीस वर्षांचा पोरगा मोटरसायकलवरून पडून गेला. "हेल्मेट नव्हतं. आईचं तं पाहून होत नव्हतं..."

तो सांगत होता आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते, त्याचे डोळे दिले असतील का?

मी उठून न्हाणीत गेले आणि तोंडात पदर कोंबला. तरुण डोळ्याची वाट पाहणं म्हणजे कशाची वाट पाहणं, हे मला इतके दिवस कळत नव्हतं असं नाही. कळून घेतलं नव्हतं. कुणीतरी आपल्या पोराला झोळीत घालून असंच राखलं असेल. त्याच्या मुठीवर नजर ठेवली असेल.

त्या रात्री मी रितिकाला कुशीत घेतलं तर ती सुटायला धडपडली. मी जास्त जोरात धरलं होतं.

*

मे महिन्याच्या शेवटी आमच्या घरी पोतं भिजतं. हे काम आत्याबाईंचं. पेरणीआधी प्रत्येक बियाणं त्या तपासतात. गोणपाट ओलं करून जमिनीवर पसरायचं, त्यावर शंभर दाणे मांडायचे, दहाच्या दहा ओळी, दाण्यात बोटभर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट. गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वाळू लागली की पाणी शिंपायचं. सहाव्या दिवशी उघडून मोजायचं, शंभरातले किती उगवले.

त्या वर्षी दोन तुरी होत्या. एक मामाजींनी दुकानातून आणलेली नवी पिशवी. दुसरी गावरान, तीन वर्षांपूर्वीची. ती आत्याबाईंनी मडक्यात राखेचे थर देऊन, तोंड शेणानं लिंपून, देवघराच्या अंधारात ठेवली होती.

"तीन वर्साची तूर पेरते का कोनी?" मामाजी म्हणाले. "वरनात घाल."

"वरनाले सारं वर्स पडलं. आधी मोजू द्या."

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही गुंडाळ्या ओसरीवर आणल्या. रितिका त्यांच्या पाठीला लोंबत होती. "मेघा, इकडे ये. मोज."

"मला दिसत नाही, आत्याबाई."

"बोटं आहेत ना? पोट्टीचा दात कोन पाह्यला होता आधी?"

मी मांडी घालून बसले. ओल्या गोणपाटाचा वास, माती आणि आंबोणाच्या मधला. पहिल्या गुंडाळीत दाणा बोटाला लागला, गुळगुळीत, फुगलेला, बस. दुसरा तसाच. तिसऱ्याला कोंब होता, वाकडा, थंड, हिरडीतून आलेल्या दातासारखा खरखरीत. मी मोजत गेले, आत्याबाई कोंब आलेले वेचून बाजूला टाकत गेल्या. काही दाणे बोटाखाली पिचले, आतून चिकट.

"चौसष्ट," मी म्हणाले.

दुसरी गुंडाळी उघडली. कोंब, कोंब, कोंब. एकाला दोन पेरं लांब मूळ फुटून गोणपाटाच्या धाग्यात अडकलं होतं. ते सोडवताना मला श्वास रोखून धरावा लागला. ओळीमागून ओळ. सत्तर ओलांडले तेव्हा मी मोठ्यानं मोजायला लागले.

"शहाऐंशी."

मामाजी दाराशी उभे होते. "कोनती शहाऐंशी?"

"मडक्यातली," आत्याबाई म्हणाल्या. "तुमची पिशवी महिनाभर टिनाखाली तापली. नवी होती, पन भाजली. माही म्हातारी राखेत निजली होती."

मामाजी तंबाखू मळत बाहेर गेले. आत्याबाई कोंब आलेले दाणे पदरात गोळा करू लागल्या. फेकत नाहीत त्या, परसात लावतात. मान वर न करता त्या मला म्हणाल्या, "तुह्या एवढ्या शिकल्या डोक्यानं फोनवर वय पुसलं. उगवते का, थे काहून नाही पुसलं वं?"

मी ओच्यातला फोन काढला आणि टाकीपाशी गेले.

सुहासिनी मॅडमना मी पोतं, तूर, राख, सगळं सांगितलं. मध्येच लाज वाटली, पण थांबता आलं नाही. त्या हसल्या. "आम्हीपण मोजतोच, ताई. काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा पातळ थर असतो. त्या पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन हजारांच्या वर असल्या की आम्ही घेतो. मागच्या महिन्यात एक पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा आला होता, तो नाकारावा लागला. आणि फेब्रुवारीतला तो, तुम्ही नको म्हणालात तो..."

"तो किती होता?"

"चोवीसशे. एका शाळेच्या बाई आहेत, त्यांना बसवला. परवा आल्या होत्या, म्हणाल्या वह्या तपासायला लागले."

मी टाकीच्या खांबाला धरलं. "माझ्या नावापुढची वयाची अट काढून टाका, मॅडम."

"कागदावर तशी अट कधी नव्हतीच, ताई."

*

फोन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मृग लागून गेला होता, आभाळ कोरडं होतं, उकाड्यानं अंगावरचे कपडे अंगावर राहत नव्हते. अंकुश आणि मामाजी तिफणीची फणं घासत बसले होते.

"वय?" मामाजींनी विचारलं.

"एक्क्याऐंशी."

ते बराच वेळ फण घासत राहिले. मग म्हणाले, "मोजलं काय त्याईनं?"

"मोजलं. तेवीसशे."

"मंग जा ना. बस निघून जाईन."

आत्याबाईंनी रितिकाला कडेवर घेतलं. फाट्यापर्यंत आल्या. बस दिसली तेव्हा म्हणाल्या, "तिथं एक पुसून घेजो. माहा मोतीबिंदू काढला, आत दुसरं भिंग टाकलं. तरी काच चालते का म्हना. चालत असन तं माहे बी मोजाय लावजो, वेळ येईन तव्हा."

चालते. मी विचारून घेतलं.

ऑपरेशनचं फार आठवत नाही. डोळ्याभोवती थंड पाणी, डॉक्टरांचा आवाज, भोवती बारीक टाके. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा मला वाटलं, एकदम सगळं दिसेल. तसं होत नाही. आधी नुसता उजेड आला. मग उजेडात सरळ रेघा, खिडकीचे गज. मग अंकुशच्या शर्टाची बटणं, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं. ते मी चाचपून लावलं होतं. चार महिने तो तसाच घालून हिंडत होता.

घरी गेले तर काळा चष्मा पाहून रितिका आत्याबाईंच्या मागे लपली. "माय होय वं, माय," आत्याबाई म्हणत होत्या, ती लुगड्यात तोंड खुपसून रडत होती. मी ओसरीच्या टोकाला बसले. चष्मा काढला, डोळ्यावर हाताची सावली धरली आणि हललेच नाही.

खूप वेळानं तिनं एक डोळा लुगड्याबाहेर काढला.

भुवया आत्याबाईंच्या होत्या, मध्ये जवळजवळ जुळलेल्या. कानाच्या पाळीमागे तीळ. वरच्या दोन दातांमध्ये फट, ती मला बोटानं माहीत होती, पण तिच्यातून हसू असं सांडतं हे माहीत नव्हतं. कपाळावर आडवा जुना वण होता. कधी पडली, कुणी मला सांगितलंच नव्हतं. आठ महिन्यांची सोडली होती मी तिला झोळीत. आता सोळा महिन्यांची पोरगी माझ्याकडे पाहत होती, आणि मधलं सगळं मला हवं होतं. मिळणार नव्हतं. मी तिच्याकडे पाहतच राहिले.

छुमछुम करत ती आली. मी तिच्या पायातले वाळे अजून काढलेले नाहीत.

*

तपासणीला महिन्यातून एकदा जावं लागतं. तिसऱ्या वेळी मी सुहासिनी मॅडमना विचारलं, "कोण होत्या त्या?"

"नाव सांगता येत नाही, ताई."

"नाव नको."

त्यांनी माझी फाइल मिटली. "काच फार छान अवस्थेत आली होती, एवढं सांगते. भरदुपारी गेल्या त्या. घरात फक्त त्यांचे मिस्टर. त्यांनी स्वतः फोन केला. फोनवर सांगितलं तसं सगळं केलं. डोक्याखाली उशी दिली, पंखा बंद, कूलर बंद, पापण्यांवर ओल्या कापसाच्या पट्ट्या. वाऱ्यानं डोळे सुकतात ना. आमची टीम प्रताप नगरच्या ट्रॅफिकमध्ये..." त्या थांबल्या. हे बोलायचं नव्हतं त्यांना. "टीमला पोचायला दीड तास लागला. तोवर ते त्या गरमीत बाजूला खुर्ची घेऊन बसले होते. पट्टी वाळली की ओली करायची, वाळली की ओली करायची. टीमचा मुलगा म्हणाला, काम झालं, काका, आता पंखा लावा. तर म्हणाले, राहू द्या."

मला ओसरीवरची गुंडाळी आठवली आणि गोणपाटावर पाणी शिंपणारा आत्याबाईंचा हात.

"आणि नंतर?"

"मुलगा येणार होता बाहेरगावाहून. नंतरचं आम्हाला कळत नाही."

मी एक पत्र लिहून दिलं. नाव न घालता, दवाखान्यामार्फत. त्यात लिहिलं की मी तुमच्या घरच्या डोळ्यानं माझ्या मुलीच्या कानामागचा तीळ पाहिला. सोबत गावरान तुरीची डाळ द्यायची होती, ती त्यांनी घेतली नाही, पत्र तेवढं घेतलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा पत्र परत आलेलं होतं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलं होतं, दार उघडत नाहीत.

घर बंद, असं लिहिलं नव्हतं. दार उघडत नाहीत, असं लिहिलं होतं. मॅडमनी पत्ता बोटानं झाकून मला तेवढंच दाखवलं. त्या दोन वाक्यांतलं अंतर मी तेव्हापासून मोजते आहे.

त्या दिवशी परतीची बस चुकवून मी ऑटोनं प्रताप नगरला गेले. दोन तास हिंडले. कुठल्या गल्लीत, कुठल्या फाटकाशी, काही माहीत नव्हतं. एका वऱ्हांड्यात रिकामी खुर्ची होती, एका गच्चीवर फक्त पुरुषाचे कपडे वाळत होते. प्रत्येक दारापाशी वाटायचं, हा डोळा ओळखेल. तो इथं राहिलेला आहे. त्यानं काही सांगितलं नाही. एका बाईनं विचारलं, "कोण पाहिजे?" आणि मी परत वळले.

अंकुश म्हणतो, "मुलाकडे गेले असतीन. तू काहून जीवाले लावून घेते?" असतीलही. मला एवढंच कळतं की सांगितलेलं न ऐकल्याचं सोंग केलं की काय होतं, आणि पाकिटावर तर ते लिहून सांगितलंय.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही नागपूरच्या प्रताप नगरला राहत असाल, किंवा तिकडे तुमचं कोणी असेल, तर पाहा. जूनमध्ये एका घरातल्या आजी भरदुपारी गेल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या. घरी एक आजोबा आहेत, एकटे, बहुतेक दार लावून बसलेले. दार वाजवा. एकदा नाही उघडलं तर थोडं थांबून पुन्हा वाजवा. माझं नाव सांगायची गरज नाही. आत जाऊन बसा थोडं, पाणी मागा. आणि पंखा सुरू आहे का, तेवढं पाहून या.